मोफत विवाह संकेतस्थळावर नाव घालण्याआधी: सभासद पालकांसाठी माहिती

आमच्या विवाह मंडळात नोंदणीला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरचा एक प्रश्न ठरलेला असतो. "तुमच्याकडे नाव नोंदवतोच आहोत, पण एखादी सुरक्षित मोफत साइटही सांगा ना." जरूर विचारा. स्थळ कुठून जुळेल ते सांगता येत नाही, म्हणून सगळ्या वाटा खुल्या ठेवा असं आम्हीच म्हणतो. फक्त 'मोफत' म्हणजे नक्की काय मोफत, ते आधी बघून घ्या.

मोठ्या साइटवर साधारणपणे नोंदणी आणि स्थळं बघणं फुकट असतं, समोरच्याचा नंबर हवा असला की पॅकेज घ्यावं लागतं. यात फसवणूक नाही, तो त्यांचा व्यवसाय आहे. ज्ञातिसंस्थांच्या साइट बऱ्याचदा खरोखर मोफत किंवा नाममात्र शुल्कात चालतात आणि संस्थेत कुणीतरी ओळखीचं निघतं, त्यामुळे चौकशी सोपी जाते. राहिले व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम आणि फेसबुकवरचे 'मोफत वधू-वर' गट. तिथे कोण कोण आहे हे अ‍ॅडमिनलाही ठाऊक नसतं.

साइट पारखायची कशी? केंद्र सरकारने जून २०१६ मध्ये विवाह संकेतस्थळांसाठी सूचना काढल्या आहेत. साइट फक्त विवाहासाठी आहे हे जाहीर करायचं, सभासदाच्या ओळखीचा पुरावा घ्यायचा आणि तक्रार अधिकाऱ्याचा संपर्क द्यायचा, असं त्यात आहे. साइट उघडली की अगदी तळाशी जाऊन तो संपर्क शोधा. सापडला नाही तर तिथे नाव घालू नका. फोटो कुणाला दिसावा हे आपल्याला ठरवता येतं का आणि प्रोफाइल आपलं आपल्याला काढून टाकता येतं का, हेही नोंदणीआधीच बघा.

आता मूळ दुखणं. आपला बायोडेटा म्हणजे एका पानात सगळं घर असतं. पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, राहता पत्ता, कंपनीचं नाव, पगार, मामांचं आडनाव आणि गाव, आणि खाली मुलीचाच मोबाइल. पत्रिका जुळवायला आणि नातं कुठे लागतं ते पाहायला यातलं बरंच लागतं, हे मान्य. पण फोनवर ओळख पटवताना बँकासुद्धा जन्मतारीख, पत्ता, आईचं माहेरचं नाव असंच विचारतात. मामांचं आडनाव छापलं की ते उत्तर आपणच वाटून मोकळे होतो.

असा कागद एका गटात टाकला की तो पुढच्या गटांत फिरतो आणि परत घेता येत नाही. लग्न होऊन जातं, तरी फोन येत राहतात. मुलगी सासरी असताना कुणी 'स्थळासाठी फोन केला होता' म्हणालं, की तिला नको ती उत्तरं द्यावी लागतात. मग पालक आमच्याकडे येतात, "नंबर तुमच्याकडूनच गेला असणार." शोध घेतला की कुठल्यातरी गटात स्वतः टाकलेला बायोडेटा सापडतो. या शोधाशोधीत तुमचा वेळ जातो, मनस्ताप होतो आणि आमचे इतर सभासदांना करायचे फोन मागे पडतात.

म्हणून बायोडेटा दोन करा. बाहेर फिरवायच्या कागदावर जन्मसाल, उंची, शिक्षण, कामाचं क्षेत्र, शहर, रास-नक्षत्र-नाडी-गण आणि अपेक्षा एवढंच लिहा. संपर्काला वडिलांचा किंवा काकांचा नंबर द्या. त्यासाठी वेगळं सिम घेतलंत तर उत्तम, काम झालं की बंद करता येतं. पूर्ण बायोडेटा आणि पत्रिका मात्र फोनवर दोन्ही घरांचं बोलणं झाल्यावर, त्या एकाच घरी पाठवा. आधार मागितलं तर शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क केलेलं आधार द्या.

"फी भरूनही नंबर लगेच का देत नाही?" यावरून काही जण आमच्यावर रागावतात. आम्ही आधी समोरच्या घरी फोन करून त्यांचा होकार घेतो, मगच दोन्हीकडे नंबर देतो. यात एक-दोन दिवस जातात, पण तुमच्या मुलीचा नंबरही आम्ही असाच जपतो. ही पद्धत आम्ही बदलणार नाही.

पैशाचा विषय निघाला तर बोलणं तिथेच थांबवा. परदेशातला कधीच समोर न येणारा डॉक्टर भेटवस्तू पाठवतो, ती विमानतळावर कस्टम्समध्ये अडकते आणि सोडवायला पैसे मागितले जातात, हा जुना प्रकार. हल्ली ओळख वाढवून ट्रेडिंगच्या अ‍ॅपमध्ये पैसे गुंतवायला लावतात. नफा स्क्रीनवर दिसतो, काढायला गेलं की 'आधी कर भरा'. पैसे गेलेच तर लोक काय म्हणतील म्हणून गप्प बसू नका, ताबडतोब १९३० या सरकारच्या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत जाण्याआधी अडवता आली तर तेव्हाच येते.

स्थळ घटस्फोटित असेल तर न्यायालयाचा हुकूमनामा डोळ्यांनी बघा. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या सरकारी साइटवर जिल्हा निवडून पक्षकाराच्या नावाने दावा शोधता येतो, तेही विनाशुल्क. आणि महाराष्ट्रात विवाह मंडळाला १९९८ च्या अधिनियमाप्रमाणे नोंदणी लागते. आमचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं आहे. दुसऱ्या केंद्रात गेलात तर तिथेही मागून बघा.

मोफत साइटवर आवडलेलं स्थळ असलं तरी सभासदांनी ते आम्हाला जरूर दाखवावं. नोकरीचं ठिकाण, गाव, नातेवाईक यांची चौकशी आमच्या ओळखीतून करून देतो, त्याचं वेगळं शुल्क नाही. दोन्ही बायोडेटा इथेच तयार करून मिळतात. येताना पत्रिका, एक अलीकडचा फोटो आणि आधी फिरवलेला बायोडेटा आणा. सुपारी फुटली की त्याच दिवशी एक फोन करा, म्हणजे आमच्याकडचं नाव लगेच बंद करू आणि बाकीच्या साइटवरचं कसं काढायचं तेही दाखवू.