प्रावरण म्हणजे शिलारसाचा समुद्र नव्हे

पृथ्वीच्या छेदाच्या शालेय आकृतीत प्रावरण, म्हणजे भूकवच व गाभा यांच्यामधला थर, बहुधा लालभडक रंगवलेले असते आणि त्यावरून भूकवच वितळलेल्या खडकावर तरंगते, ही समजूत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. प्रत्यक्षात सुमारे २,९०० किलोमीटर जाडीचे हे प्रावरण जवळजवळ संपूर्ण घन आहे.

याचा सर्वांत भक्कम पुरावा भूकंपलहरींचा. त्यांतील दुय्यम लहरी (एस-लहरी) पदार्थाला आपल्या मार्गाच्या आडव्या दिशेने हलवत पुढे सरकतात आणि द्रवाला असा आडवा ताण पेलता येत नसल्यामुळे त्या द्रवातून जाऊच शकत नाहीत. प्रावरणातून मात्र त्या सहज जातात व बाह्य गाभ्याच्या सीमेवर अडतात. म्हणजे द्रव आहे तो बाह्य गाभा, आणि तोही खडकाचा नसून मुख्यतः लोह व निकेल यांचा.

मग ज्वालामुखीतला शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, येतो कोठून? खोलवर उष्णता भरपूर असली, तरी प्रचंड दाबामुळे खडकाचा वितळणबिंदू वाढलेला असतो. महासागरातील मध्यवर्ती पर्वतरांगांखाली तप्त खडक वर सरकला की दाब घटून त्याचा थोडा अंश वितळतो. जेथे एक भूपट्ट (पृथ्वीच्या कठीण बाह्य थराचा प्रचंड तुकडा) दुसऱ्याखाली जातो, तेथे त्याच्यासोबत गेलेले पाणी वितळणबिंदू खाली आणते. बेसाल्ट या ज्वालामुखीजन्य खडकात कधीकधी प्रावरणाचे तुकडे अडकून वर आलेले सापडतात आणि ऑलिव्हीन या खनिजामुळे ते चक्क हिरवे दिसतात. लाल रंग तेवढा चित्रकाराचा.

प्रावरण वर्षाला काही सेंटिमीटर वेगाने वाहते हे खरे, परंतु ते वाहणे घन स्फटिकांचा आकार उष्णतेने व दाबाने सावकाश बदलत गेल्यामुळे घडते.