बर्फाचं वजन आकाशातून

मुंबईतल्या अपोलो बंदरावरच्या समुद्रपातळीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. पाणी किती चढलं हे त्या सांगतात. ते कुठून आलं, हे मात्र त्यांतून कळत नाही. त्यासाठी थेट ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाचं वजन करावं लागतं.

२००२ पासून 'ग्रेस' नावाचे दोन उपग्रह एकामागोमाग, सुमारे २२० किलोमीटर अंतर राखून फिरत होते. खाली बर्फाचा मोठा साठा आला की पुढचा उपग्रह आधी ओढला जातो, मागचा नंतर. मधल्या अंतरातला केसाच्या जाडीहून लहान बदलही टिपला जाई, आणि त्यावरून बर्फाची घट काढता येई. २०१८ पासून हेच काम त्यांचे वारसदार करतात. ग्रीनलंड दरवर्षी सरासरी अडीचशे अब्ज टनांहून जास्त बर्फ गमावतं, अंटार्क्टिका शंभराहून जास्त. साधारण ३६० अब्ज टनांनी जगातला समुद्र एक मिलिमीटर चढतो.

पण सगळीकडे सारखा नाही! बर्फाचा डोंगर आसपासचं पाणी स्वतःकडे ओढून धरतो. तो वितळला की ओढ कमी होते, ग्रीनलंडजवळ पातळी चक्क उतरते आणि दूरच्या उष्ण कटिबंधात सरासरीपेक्षा जास्त चढते. मुंबई याच दूरच्या पट्ट्यात येते.

पुढे काय होईल, हे उपग्रह सांगू शकत नाहीत. तिथे संगणकावरची प्रारूपं लागतात. बर्फ काकवीसारखा, पण अतिशय सावकाश वाहतो. त्याची समीकरणं माहीत आहेत. खरी अडचण तळाशी आहे. दोन-तीन किलोमीटर खाली बर्फ खडकावर किती घासतो, हे पाहणार कोण? म्हणून गणित उलटं मांडतात. रडार उपग्रहांच्या चित्रांवरून पृष्ठभागाचा वेग काढायचा आणि प्रारूपातला वेग त्याच्याशी जुळेपर्यंत घर्षण बदलत राहायचं. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेला 'निसार' हा रडार उपग्रह दर बारा दिवसांनी त्याच जागेवरून जातो, तो याच कामाचा.

यातही मेख आहे. घर्षणाचे वेगवेगळे नियम आजच्या वेगाशी सारखेच जुळतात, पण २१०० साठी वेगळी उत्तरं देतात. त्यात पश्चिम अंटार्क्टिकातल्या थ्वेट्स हिमनदीचा तळ समुद्रपातळीखाली आहे आणि आत जाताना आणखी खोल होतो. माघार सुरू झाली की ती थांबणं कठीण. म्हणूनच आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या २०२१ च्या अहवालात उत्सर्जन फार वाढल्यास शतकाअखेरची वाढ सुमारे ०.६ ते १ मीटर दिली असली, तरी ती २ मीटरच्या जवळ जाण्याची शक्यता नाकारलेली नाही. पावसाळ्यात महापालिका साडेचार मीटरवरच्या भरतींच्या तारखा जाहीर करते; ही वाढ त्या साडेचारच्या वर धरायची.