वाचलं सगळ्यांनी, बोललं कुणीच नाही

ग्रुपवर तुम्ही लिहिता, "मसुदा पाठवलाय, बघून सांगा." सगळ्यांनी वाचल्याची निळी खूण उमटते, उत्तर कुणाचंच नाही. तासाभरात मनात खटला उभा राहतो. एकाला काम आवडलेलं नाही, दुसरीला तुम्हीच आवडत नाही! प्रत्यक्षात त्याने मेसेज गाडीत बसता बसता पाहिलेला असतो, तिच्याकडे मध्यरात्र असते आणि तिसऱ्याने 'बघून सांगा'चा अर्थ 'चूक असेल तरच सांगा' असा घेतलेला असतो.

संशोधक कॅथरिन क्रॅम्टन यांनी वेगवेगळ्या ठिकाणांहून एकत्र काम करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या टीम अभ्यासून २००१ साली हेच मांडलं. दूर बसलेल्याची अडचण दिसत नाही, म्हणून खोळंब्याचं खापर त्याच्या स्वभावावर फुटतं. व्हिडिओ कॉलही यातून सुटत नाही. समोरासमोरच्या गप्पांत प्रश्नाला उत्तर सुरू व्हायला सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद लागतात. डोळ्याची उघडझाप होते तेवढ्यात! लाइन थोडी जरी रेंगाळली, तरी ही लय बिघडते. २०१४च्या एका प्रयोगात तर विलंब तंत्राचा होता, पण लोकांना समोरचाच कमी लक्ष देणारा वाटला.

लिहिणाऱ्याचीही गंमतच. जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांच्या २००५च्या प्रयोगात ईमेलमधलं वाक्य गंभीर की उपरोधिक, हे वाचणाऱ्याला सुमारे ७८ टक्के वेळा कळेल, असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता. कळलं ५६ टक्के वेळा. नाणं उडवलं असतं तरी ५० टक्के जमलं असतं. आपण लिहितो तेव्हा सूर आपल्या डोक्यात वाजत असतो, तो मजकुरासोबत जात नाही.

मग अशा टीमचं नेतृत्व कुणाला साधतं? राडोस्टिना पुर्वानोव्हा आणि जॉइस बोनो यांनी २००९ साली तेच नेते समोरासमोरच्या आणि ऑनलाइन अशा दोन्ही टीमवर नेमून पाहिले. ध्येय उलगडून सांगणारी, माणसागणिक लक्ष देणारी शैली ऑनलाइन टीममध्ये अधिक फळली. ऑनलाइन गेल्यावर ती वाढवणारे सर्वांत प्रभावी ठरले. अनेक साहेब नेमकं उलटं करतात: भेट बंद, म्हणून फक्त डेडलाइनची आठवण. पुर्वानोव्हा यांच्याच पुढच्या अभ्यासात ऑनलाइन टीमने नेता मानला तो कामं मार्गी लावणाऱ्याला. बोलघेवडेपणाचं वजन तिथे घटलं.

अशा माणसाचं उत्तर साधारण असं असतं: "मसुदा मिळाला. आज वेळ नाही, गुरुवारी दुपारी वाचतो. तोवर तिसरा भाग पुढे न्या."