मेम्ब्रेन लावलं म्हणजे सीओडी उतरला? बायोडिझेलच्या सांडपाण्याबद्दल खुलासा

नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात, महापे-रबाळेकडे, एक समज घट्ट बसलाय: बायोडिझेल धुतलेल्या पाण्यावर अल्ट्राफिल्ट्रेशन (मेम्ब्रेन म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळणं) लावलं की सीओडी (पाण्यातल्या घाणीच्या रासायनिक ऑक्सिडीकरणाला लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप) आपोआप उतरतो. तसं होत नाही.

अल्ट्राफिल्ट्रेशनची छिद्रं साधारण ०.०१ ते ०.१ मायक्रॉनची. तेलाचे थेंब अडतात. बायोडिझेल बनवताना उरलेलं, पाण्यात विरघळलेलं मिथेनॉल आणि ग्लिसरीन सरळ पलीकडे जातं. १ ग्रॅम मिथेनॉल १.५ ग्रॅम सीओडी देतं, ग्लिसरीन सुमारे १.२. म्हणून पाणी नितळ दिसलं तरी सीओडी चढाच राहतो. आरओ (त्याहून बारीक मेम्ब्रेन) ग्लिसरीन बऱ्यापैकी अडवतो, मिथेनॉल त्यातूनही निसटतं. आणि इथला उतार ठाणे खाडीकडे आहे, जी २०२२पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे.

मिथेनॉल धुण्याआधीच ऊर्ध्वपातनाने परत मिळवा, ते ६४.७ अंश सेल्सिअसला उकळतं. मग सांडपाण्याचा पीएच सल्फ्युरिक ॲसिडने २-३ वर आणा. बायोडिझेल बनवताना तयार झालेला साबण फुटून फॅटी ॲसिड तरंगतं, ते काढा, पीएच ७ जवळ आणा, मगच मेम्ब्रेन. हा क्रम चुकला की उरलेला साबण कडक पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून चिकट थर धरतो आणि प्रवाह घटतो. अशा थरावर आधी ॲसिड वॉश देणं ही नेहमीची चूक: फॅटी ॲसिड सुटून तिथेच चिकटतं. आधी कोमट कॉस्टिक सोड्याचं द्रावण, त्यात ईडीटीए (कॅल्शियम धरून ठेवणारं रसायन). पीएच मेम्ब्रेनच्या मर्यादेत ठेवून.

उरलेला सीओडी उतरवणं हे जैविक टाकीतल्या जीवाणूंचं काम. या पाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस फारच कमी, म्हणून जीवाणूंना युरिया आणि डीएपी ही खतं द्या, बीओडीच्या (जीवाणूंना घाण खाताना लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप) १०० भागांना ५ नायट्रोजन, १ फॉस्फरस.