गर्भपाताला नवऱ्याची सही लागत नाही

“आधी मिस्टरांची सही आणा.” हडपसरच्या एका दवाखान्यात काउंटरवरून हे वाक्य मी स्वतः ऐकलंय, समोरची बाई फाइल छातीशी धरून तशीच जिना उतरली. हा समज पुण्यातल्या शिकलेल्या घरांतही घट्ट आहे. १९७१ च्या गर्भपात कायद्यात मात्र तसं काहीच नाही. बाई १८ वर्षं पूर्ण झालेली असेल तर संमतीच्या फॉर्म ‘सी’वर तिची एकटीची सही पुरते. (सासूबाईंचा रकाना तर नाहीच नाही.) अल्पवयीन किंवा मानसिक आजारी असेल तरच पालकांची. लग्न झालेलं नसलं तरी नियम हाच. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, २४ पर्यंत ठरावीक कारणांसाठी दोघांचं. आणि तिचं नाव बाहेर फोडलं, तर डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.