जीआरईचे गुण : पाहणे व पाठवणे

अमेरिकेत आणि इतर काही देशांत पदव्युत्तर प्रवेशासाठी विचारात घेतली जाणारी जीआरई ही परीक्षा प्रिन्स्टन (न्यू जर्सी) येथील एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस, म्हणजे ईटीएस, ही संस्था घेते. बोर्डाची गुणपत्रिका विद्यार्थ्याच्या हातात पडते आणि तिची साक्षांकित प्रत अर्जाला जोडली की भागते. जीआरईत तसे होत नाही. ईटीएसच्या संकेतस्थळावरील खात्यातून उतरवून घेता येणारे गुणपत्रक विद्यार्थ्याच्या स्वतःच्या माहितीसाठी असते. विद्यापीठ अधिकृत मानते ते फक्त ईटीएसकडून थेट आलेले गुण.

शाब्दिक व गणिती या दोन विभागांचे गुण प्रत्येकी 130 ते 170 या पट्टीवर दिले जातात आणि केंद्रावर पेपर संपताच पडद्यावर दिसतात. निबंधलेखनाला 0 ते 6 गुण असतात. तो तपासावा लागत असल्याने त्याचे गुण नंतरच कळतात. सप्टेंबर 2023 पासून परीक्षा दोन तासांच्या आत आली आणि अधिकृत निकाल साधारण 8 ते 10 दिवसांत खात्यात दिसू लागला. गुण दिसण्यापूर्वी पडद्यावर एक प्रश्न येतो : गुण नोंदवायचे की रद्द करायचे? रद्द केले तर ते दिसतही नाहीत. घाबरून रद्द केलेले गुण 60 दिवसांच्या आत शुल्क भरून परत मिळवता येतात, ही सोय अनेकांना माहीत नसते.

परीक्षेच्या शुल्कातच चार ठिकाणी गुण पाठवण्याची मुभा असते, पण ती त्याच दिवशी वापरावी लागते. त्यानंतरच्या प्रत्येक विद्यापीठासाठी डॉलरमध्ये वेगळे पैसे पडतात. म्हणून चार नावे घरूनच ठरवून जाणे शहाणपणाचे. प्रत्येक संस्थेला चार अंकी क्रमांक असतो आणि एकाच विद्यापीठाच्या वेगवेगळ्या परिसरांचे क्रमांक वेगळे असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली परिसराचा 4833, तर लॉस एंजेलिसचा 4837. नुसते ‘कॅलिफोर्निया’ पाहून क्रमांक निवडला तर गुण भलतीकडे जातात.

परीक्षा पुन्हा देणाऱ्यांसाठी 2012 पासून ‘स्कोअरसिलेक्ट’ ही सोय आहे. परीक्षेच्या दिवशी ताजे गुण किंवा सर्व गुण, एवढेच पर्याय असतात. नंतर पैसे भरून पाठवताना हव्या त्या तारखेचे गुण निवडता येतात, आणि विद्यापीठाला तेवढेच दिसतात. मात्र एका तारखेचे गणित आणि दुसऱ्या तारखेचा शाब्दिक विभाग अशी जुळवाजुळव चालत नाही. त्या दिवसाचे तिन्ही विभाग एकत्रच जातात.

पैसे खर्च करण्याआधी विद्यापीठाच्या ज्या विभागात अर्ज करायचा, त्याचे प्रवेशनियम वाचायलाच हवेत. कित्येक विभागांनी जीआरईची अट काढून टाकली आहे. काही ठिकाणी अर्जात गुण स्वतः भरले तरी चालतात आणि अधिकृत गुण प्रवेश मिळाल्यावर मागतात. दहा-बारा विद्यापीठांत अर्ज करणाऱ्या मराठी घरातल्या मुलामुलींसाठी ही बचत लहान नाही.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांची अडचण बहुधा नावापाशी येते. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि वडिलांचे नाव बहुतेकदा स्वतःच्या नावाला जोडलेले. जीआरईची नोंदणी पासपोर्टप्रमाणे आणि विद्यापीठाचा अर्ज गुणपत्रिकेप्रमाणे भरला, तर आलेले गुण त्या अर्जाशी जुळत नाहीत आणि अर्ज अपूर्ण दिसत राहतो. दोन्हीकडे पासपोर्टवरचे नाव व जन्मतारीख अक्षर न बदलता लिहावी. तरीही गुण दिसत नसतील, तर प्रवेश कार्यालयाला जीआरईचा नोंदणी क्रमांक कळवून शोध घ्यायला सांगावे.

गुण परीक्षेच्या तारखेपासून पाच वर्षे पाठवता येतात. इंजिनिअरिंगनंतर काही वर्षे नोकरी करून मग अर्ज करणाऱ्यांनी ही तारीख आधी तपासावी, कारण मुदत संपल्यावर परीक्षा नव्याने द्यावी लागते.