वजन उतरवणं वेगळं, गट बदलणं वेगळं

आपल्याकडच्या मातीच्या मैदानात जोड लावताना पैलवानाची ताकद आणि नाव बघतात. किलो-किलोचा हिशेब खरा मुरला तो मॅटवर. त्यामुळेच असेल, ‘फिलिपिन्सचा बॉक्सर मॅनी पॅकियाव आठ वजनगटांत विजेता झाला’ हे ऐकलं की कोल्हापुरात पुष्कळांना वाटतं, गडी पाहिजे तेव्हा वजन उतरवायचा आणि पाहिजे तेव्हा चढवायचा. तसं नाही. वजन उतरवणं हा लढतीआधीच्या आठवड्याचा मामला आहे, गट बदलणं हा पुढच्या काही वर्षांचा.

140 पौंडांच्या, म्हणजे 63.5 किलोच्या गटातला बॉक्सर घ्या. एरवी तो 70 किलोच्या आसपास असतो. सात-आठ आठवडे, आठवड्याला जेमतेम अर्धा किलो या चालीनं चरबी घटवत तो 66.5 वर येतो. उरलेले 3 किलो शेवटच्या पाच-सहा दिवसांत जातात, आणि त्यात चरबी जवळपास नसतेच. भात-भाकरी कमी केली की स्नायूंतला ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, उतरतो. त्याच्या एका ग्रॅममागं सुमारे 3 ग्रॅम पाणी धरलेलं असतं, तेही जातं. मीठ आणि चोथा कमी करतात. शेवटच्या दिवशी पाणी तोडून गरम टबात किंवा सौनात, म्हणजे कडक तापवलेल्या खोलीत, घाम काढतात.

बिघडतं ते इथंच. पाणी रक्तातूनही जातं, नाडी धावते, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. 1997 मध्ये अमेरिकेत वजन उतरवताना कॉलेजचे तीन कुस्तीगीर काही आठवड्यांच्या अंतरानं दगावले, तेव्हा तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूट आणि सौनावर बंदी आली.

तरीही व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये हे चालतं, कारण वजन आदल्या दिवशी होतं. मधल्या दिवसात शरीर पुन्हा भरतं. नोव्हेंबर 2010 मध्ये अंतोनियो मार्गारितो काट्यावर 150 पौंड होता आणि रिंगमध्ये उतरताना 165. समोर पॅकियाव 148. सतरा पौंडांचा फरक असूनही बारा फेऱ्यांत मार्गारितोनं भरपूर मार खाल्ला आणि तो हरला. पाणी भरून आलेलं वजन म्हणजे वेग नव्हे.

मॅटवरच्या कुस्तीत ही सवलत नाही. वजन त्याच सकाळी, आणि अंतिम फेरी दुसऱ्या दिवशी असेल तर पुन्हा दुसऱ्या सकाळी. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट त्याच दुसऱ्या काट्यावर 100 ग्रॅमनं अडकली. म्हणून बॉक्सरचे व्हिडिओ बघून तालमीतल्या पोरानं ती कृती उचलू नये. वजन झाल्यावर तांबड्या-पांढऱ्यावर किंवा बदामाच्या थंडाईवर तुटून पडणंही चुकीचंच. तुपकट खुराक पोटात बसून राहतो. घामानं एक किलो गेला असेल तर सुमारे दीड लिटर ओआरएस, तेही घोट घोट, आणि सोबत मऊ भात, केळी.

आता गट बदलणं. पॅकियावनं डिसेंबर 1998 मध्ये 112 पौंडांचा किताब घेतला. 1999 मध्ये त्याच गटात वजन बसेना. किताब काट्यावरच गेला आणि लढतीत तिसऱ्या फेरीत तो नॉकआउट झाला. यानंतर त्यानं 115 आणि 118 हे दोन गट ओलांडून थेट 122 गाठलं. तिथं 2001 मध्ये तो जगज्जेता झाला. 147 चा किताब नोव्हेंबर 2009 मध्ये, म्हणजे पहिल्यापासून जवळपास अकरा वर्षांनी. आपले खाशाबा जाधवही 1948 ला लंडनमध्ये 52 किलोत सहावे आले आणि 1952 ला हेलसिंकीत 57 किलोत कांस्य घेऊन परतले.

वर जाताना वाढवायचा तो स्नायू, आणि तो महिन्याला किलोभर वाढला तरी भरपूर. घाई केली की चरबी चढते, पाय जड होतात. हाताची लांबी तर वाढतच नाही. कालपर्यंत उंच ठरणारा बॉक्सर नव्या गटात ठेंगणा पडतो, लांबून ठोसे मारायची सवय मोडून आत घुसायला शिकावं लागतं.

खाली परतणं तर त्याहून वाईट. रॉय जोन्स ज्युनिअरनं मार्च 2003 मध्ये 193 पौंडांवर हेवीवेट किताब जिंकला, नोव्हेंबरात 175 वर उतरून अँटोनियो टार्व्हरला कसाबसा हरवला, आणि मे 2004 मध्ये त्याच टार्व्हरनं त्याला दुसऱ्याच फेरीत झोपवलं. उतरवलेलं ते पाणी नव्हतं, कमावलेला स्नायू होता. वयही पस्तिशीचं होतं, हे धरायला हवं.

गट सोडायची वेळ ओळखता येते: शेवटचा किलो घाम काढूनही हलत नाही, आणि भरपूर पाणी-जेवण घेऊनही दुसऱ्या दिवशी पाय साथ देत नाहीत. बॉक्सरला पुढची पायरी बहुधा दीड ते तीन किलोंवर मिळते. पुरुषांच्या ऑलिंपिक फ्रीस्टाइल कुस्तीत मात्र 57 नंतर थेट 65; 61 चा गट जागतिक स्पर्धेत आहे, ऑलिंपिकमध्ये नाही. त्या आठ किलोंपायीच मल्ल खालचा गट लवकर सोडत नाहीत.